साकीनाक्याची सुतारशाळा

आपल्याकडची माणसे मुंबईला जातात ती बहुधा तीन कामांसाठी. दवाखाना, मंत्रालय आणि पोटच्या मुलांची भेट. कामे आटोपून वेळ उरलाच तर महालक्ष्मी, सिद्धिविनायक, चौपाटी. साकीनाका बघायला म्हणून कोणी जात नाही. तिथे समुद्र नाही, देवस्थान नाही, बागबगीचा नाही. तरीही शेतकरी कुटुंबाने एकदा तरी बघावे असे काहीतरी मला गेल्या हिवाळ्यात तिथेच सापडले.

घाटकोपरला लोकल सोडून मेट्रोत बसले की तिसरे स्टेशन साकीनाका. ही मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंत तिची लांबी साडेअकरा किलोमीटरच्या आत आहे. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि पवईकडे जाणारा साकीविहार रस्ता जिथे मिळतात, तो हा नाका. डोक्यावर मेट्रो, खाली बस, रिक्षा, टेम्पो आणि हातगाड्या. आठवडी बाजाराच्या दिवशी आपल्या एस.टी. स्टँडवर जेवढी गर्दी असते, तेवढी इथे रोज सकाळ-संध्याकाळ.

रस्त्यावरून आत वळले की गाळ्यांचे राज्य सुरू होते. गाळा म्हणजे कारखान्याची खोली. अशा खोल्यांच्या मोठमोठ्या इमारती साकीविहार रस्त्याला आणि खैरानी रस्त्याच्या बाजूला दाटीने उभ्या आहेत. एका गाळ्यात लोखंड कापतात, शेजारच्या गाळ्यात खोके छापतात, पलीकडे कपडे शिवतात. लाकडाच्या कामाचे गाळेही पुष्कळ. जिन्यात उभे राहिले तरी ताज्या भुशाचा वास येतो.

बापाचे रंधे आणि मुलाचे मशीन

मला तिथे घेऊन गेला तो आमच्या गावच्या सुतारआण्णांचा धाकटा मुलगा. आण्णांचा हात मी लहानपणापासून पाहिलेला. तिफणीचे चाडे ते असे कोरत, की तिन्ही नळ्यांतून बी सारखे पडे. पेरणीनंतर आठ दिवसांनी शेताकडे बघितले की कुठल्या शेतात आण्णांची तिफण फिरली ते ओळखू येई. जू, कुळव, पाभर, गाडीचा तुंबा, दाराची चौकट, बाळाचा पाळणा आणि तिरडीचे बांबू, सगळे त्यांच्याच दारातून जाई. सुगीला खळ्यावर बलुते मिळे. पुढे ट्रॅक्टर आले, लोखंडी पेरणीयंत्रे आली, दारे-खिडक्या तयार मिळू लागल्या. बलुते बंद पडले. मुलांनी मुंबई धरली.

हा मुलगा एका गाळ्यात स्वयंपाकघराची कपाटे बनवतो. प्लायवूडचे तक्ते मशीनवर कापायचे, कडांना पट्टी चिकटवायची, बिजागऱ्या बसवायच्या. काम नेमके आहे आणि पैसाही बरा मिळतो. पण त्याने सहा महिन्यांत रंधा हातात धरलेला नव्हता. मी विचारले, “अरे, आण्णांची हत्यारे कुठे आहेत?”

“घरीच आहेत, काका. माळ्यावर. इथं त्यांचं काय काम?” मग जरा थांबून म्हणाला, “पण एक गंमत दाखवतो. आमच्याच इमारतीत वर सुतारकामाचा वर्ग भरतो. शनिवार-रविवार. माणसं पैसे भरून शिकायला येतात.”

गाळ्यातली शाळा

आम्ही वर गेलो. आठ शिकाऊ होते. एक दंतवैद्य बाई, संगणकावर काम करणारे तिघे तरुण, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक शाळामास्तरीण आणि नव्याने संसार मांडलेले एक जोडपे. दोन दिवसांची फी ऐकून मी गप्पच झालो. आपल्याकडे तेवढ्यात एकरभर सोयाबीनचे बियाणे येते. शिकवायला राजस्थानातून आलेले साठीचे मिस्त्री होते, घराण्याने सुतार. जोडीला वर्ग चालवणारी एक तरुण मुलगी, ती शिकलेली आरेखनकार.

हे काही एकच ठिकाण नव्हे. शहरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने काही बनवावे म्हणून अशा सामायिक कार्यशाळा गेल्या दहा-बारा वर्षांत निघाल्या. मुंबईत २०१३ साली सुरू झालेली ‘मेकर्स असायलम’ त्यातलीच. काही वर्षे ती अंधेरी पूर्वेला होती, पुढे गोव्याला गेली.

वर्गात फळा नव्हता. पहिल्या तासाला मिस्त्रींनी प्रत्येकाच्या हातात पटाशी आणि दगड दिला आणि धार लावायला बसवले. दीड तास नुसती धार. संगणकवाल्या एकाने विचारले, “लाकूड कधी?” मिस्त्री म्हणाले, “बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोर लागला की ती हातात घुसते. धार असली की ती ऐकते.” विळ्याला पाजळून मगच कापणीला लागणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळे सांगायला नको.

मग आखणी. गुण्या लावून पेन्सिलीची बारीक रेघ. करवत रेघेवर चालवायची नाही, रेघेच्या बाहेर, टाकाऊ बाजूला चालवायची. कापून झाल्यावर लाकडावर रेघ दिसली पाहिजे. कमी कापले तर रंध्याने काढता येते, जास्त कापलेले परत येत नाही.

दुपारी सांधा. एका तुकड्याला खाच आणि दुसऱ्याला तिच्यात बसणारे कुसू. लाकडाच्या जाडीचे तीन भाग करायचे, मधला भाग कुसवाला, दोन बाजूचे खांद्यांना. कुसू जाड केले तर खाचेच्या भिंती पातळ होऊन फुटतात, बारीक केले तर कुसूच मोडते. खिळा नको, स्क्रू नको. आपल्या जुन्या वाड्यांच्या चौकटी शंभर-शंभर वर्षे उभ्या आहेत त्या याच हिशेबावर.

दंतवैद्य बाईंचा सांधा पहिल्या झटक्यात बसला. बँकेच्या गृहस्थांचा चार वेळा फसला. पाचव्यांदा कुसू खाचेत घट्ट सरकले तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात एक एक स्टूल होते.

लाकडाचा स्वभाव

त्या वर्गात मिस्त्रींनी जे सांगितले त्यातले बरेच आपल्या घरी उपयोगी आहे, म्हणून थोडक्यात देतो.

लाकूड तोडले तरी त्याचे हलणे थांबत नाही. हवेत ओल वाढली की ते फुगते, कोरड पडली की आकसते. पण ते रुंदीत हलते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून पावसाळ्यात दाराची फळी रुंदीला फुगून अडते आणि उन्हाळ्यात तिच्यात फट पडते. फुगलेले दार भर पावसाळ्यात रंधून टाकू नये, उन्हाळ्यात ते सैल होते. रुंद फळी चारी बाजूंनी खिळ्यांनी आवळली तर ती तडकते, तिला हलायला जागा ठेवावी लागते.

दुसरे, ओले लाकूड वापरू नये. सावलीत, खाली आडव्या पट्ट्या देऊन, वारा खेळेल असे थर लावून ते वाळवावे. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. जमिनीला टेकलेल्या लाकडाला वाळवी आधी गाठते. बाहेरचा पांढुरका भाग कीड लवकर धरते, आतला गडद गाभा टिकतो.

तिसरे, रंधा तंतूंच्या दिशेने चालवावा. उलटा चालवला की लाकूड उचकटते. मांजराच्या अंगावरून हात फिरवावा तसे.

यंत्राजवळचे नियम मात्र कडक होते. फिरत्या करवतीपाशी हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोज्याचा धागा अडकला की हात आत ओढला जातो. सैल बाही नको, गळ्यात उपरणे नको, मोकळे केस नकोत. मळणीयंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येक घराने हे भिंतीवर लिहून ठेवावे. नाकावर फडके किंवा मास्क हवाच. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होऊ शकतो, असे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे.

दुसरा साकीनाका

वरच्या मजल्यावर मास्क होते, पंखे होते, आग विझवायचे नळकांडे होते. खालच्या मजल्यावर आपली मुले होती. कोणी साताऱ्याकडचा, कोणी बीडचा, पुष्कळसे उत्तर प्रदेश-बिहारचे. तिथे शिकणे म्हणजे झाडू मारत, चहा आणत, उस्तादाच्या हाताकडे बघत दोन-तीन वर्षे काढणे. काही जण कामाच्या जागीच झोपतात. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे खैरानी रस्त्यावरच्या एका फरसाणाच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले बारा कामगार गेले. मुलाला मुंबईला धाडताना पगार किती हे आपण विचारतो. तो झोपणार कुठे आणि त्या जागेला दुसरा दरवाजा आहे का, हेही विचारायला हवे.

एकाच इमारतीत हे दोन वर्ग बघून मला आण्णांचा मुलगा म्हणाला, “काका, ही माणसं पैसे भरून जे शिकतात, ते आमचे आण्णा मला फुकट शिकवत होते. मी शिकलो नाही.” मी म्हटले, “आण्णा अजून आहेत ना?” तो काही बोलला नाही. पण परतताना मेट्रोच्या जिन्यात त्याने मला विचारले, की आण्णांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यावर त्यांना बारीक आखणी दिसेल का.

हाताने शिकलेले

आम्हा विस्तार खात्याच्या माणसांना ही शिकवण्याची रीत नवी नाही. १९०३ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या टेरेल गावी सीमन नॅप यांनी एका शेतकऱ्याच्याच रानात प्रात्यक्षिक घेतले, तेव्हापासून आमचा सारा धंदा ‘करून दाखवा, करून बघा’ यावर उभा आहे. आजची शेतीशाळा हे त्याचेच नातवंड. स्वीडनमध्ये १८७० च्या दशकात ओटो सालोमन यांनी नेस येथे शिक्षकांना लाकूडकाम शिकवायला सुरुवात केली. आधी साधी वस्तू, मग अवघड, असा त्यांचा क्रम. हेतू सुतार बनवण्याचा नव्हता, मुलांचा हात, डोळा आणि धीर घडवण्याचा होता. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला तोही याच विचाराने.

मग हे शिक्षण मिळवायला साकीनाक्यालाच जायला हवे का? नाही. जवळच्या वाटा अशा:

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे खेड्यातली मुले वर्षभर राहून कार्यशाळा, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया असे सगळे हाताने शिकतात. पुस्तकात मागे पडलेला मुलगा तिथे पुढे जाताना मी पाहिला आहे.

आय.टी.आय. मधला सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी पास मुलाला चालतो. मुलींनाही त्याचा दरवाजा उघडा आहे.

जे आधीच हाताने काम करतात त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ ला पी.एम. विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत सुतार आहे. पाच-सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि पुढे पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. वय अठरा पूर्ण हवे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नोंदणी गावच्या सेवा केंद्रात होते.

घरची सुरुवात

प्रत्येकाने सुतार व्हावे असे माझे म्हणणे नाही. पण करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या, हातोडा, टेप आणि धारेचा दगड एवढे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असावे. खुराड्याचे दार, गव्हाणीची फळी, कुदळीचा दांडा, बियाण्याची पेटी यासाठी तालुक्याला हेलपाटा कशाला?

थोडा हात बसला की मधपेटीकडे वळा. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली हेरले, की चौकटींमध्ये सहा ते नऊ मिलिमीटर वाट ठेवली तर मधमाशा ती मोकळी सोडतात. जास्त ठेवली तर तिथे पोळे बांधतात, कमी ठेवली तर बुजवून टाकतात. म्हणजे चार मिलिमीटरची चूक झाली की पेटी बिघडली. डाळिंब, कांदा बीजोत्पादन, सूर्यफूल करणाऱ्यांना मधमाशांची गरज आहेच. महाबळेश्वरच्या मधसंचालनालयाकडे मधपाळीचे शिक्षण मिळते. पेटी बनवणारा हात गावात तयार झाला तर तेवढा पैसा गावातच राहील.

एक सावधगिरी. स्वतःच्या बांधावरचा असला तरी साग, शिसव यांसारखा झाड तोडायला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे परवानगी लागते. आधी वनविभागाकडे चौकशी करा, मग कुऱ्हाड लावा. शिकायला तर जुन्या खाटेचे, मोडक्या चौकटीचे लाकूडच उत्तम. ते वाळलेले असते आणि बिघडले तरी हळहळ नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आपल्या गावात अजून एखादे सुतारआण्णा असतील. त्यांच्या ओसरीवर रविवारी चार मुले नेऊन बसवा. कुणब्याचे असोत, धनगराचे असोत, मुली असोत. पूर्वी हे काम एकाच जातीच्या दारात अडकले होते, आता तसे राहण्याचे कारण नाही. आण्णांना मात्र फुकट राबवू नका. साकीनाक्याला शहरातली माणसे मिस्त्रींना मान देतात आणि मोल देतात. आपल्याकडे मान होता, मोल पायलीभर जोंधळ्यात होते. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने त्यांना दिवसाचे मानधन ठरवून द्यावे. उन्हाळ्याच्या सुट्टीतले पंधरा दिवस पुरे आहेत. पहिल्या दिवशी फक्त धार, दुसऱ्या दिवशी फक्त रेघ, आणि सुट्टी संपेपर्यंत प्रत्येक मुलाच्या घरी त्याने स्वतः केलेला एक पाट.