खरं वजन

सेलू, जि. परभणी
दिवाळीआधीचा रविवार

प्रिय गडणी,

तुझा मेम्फिसचा पत्ता हाती आला आणि मी आधी नकाशा उघडून बसले. तू लिहितेस, मोठी नदी आहे, उकाडा आहे, पण ओळखीचं म्हणावं असं काही नाही. आहे गं! तुझ्या गावाहून दक्षिणेला दोनेक तासांवर मिसिसिपी राज्यात रूलव्हिल नावाचं लहानसं गाव आहे. तिथं काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या फॅनी लू हेमरची समाधी आहे. आणि तिथून जिकडं बघावं तिकडं कापूसच कापूस.

आपण दोघी शाळा बुडवून वेचणीला जायचो, आठवतं? बोंडाच्या टोकांनी बोटं सोलायची, पोटाला बांधलेली ओटी जड व्हायची. संध्याकाळी ताणकाट्याला गाठोडं अडकवलं की मालकाची नजर काट्यावर आणि आपल्या आयांची नजर मालकाच्या बोटांवर. दिवसभराच्या कमाईत दोन किलो कुठं जायचे ते सगळ्यांना कळायचं. बोलायचं कुणी नाही.

फॅनी लूची गोष्ट मला त्या काट्यापासूनच कळायला लागली. १९१७ साली जन्मली, वीस भावंडांत सगळ्यांत धाकटी. आजी गुलामगिरीत राहिलेली. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांना अर्पण केलं, त्यांनी हबशी गुलामांना मुक्त केलं खरं. पण त्या मुक्त झालेल्यांच्या नातवंडांच्या वाट्याला बटाईची शेती आली. जमीन गोऱ्या मालकाची, राबणं काळ्या कुटुंबाचं, पीक अर्धं अर्धं. मग अर्ध्यातून बियाणं वजा, खत वजा, मालकाच्या दुकानातून उचललेलं पीठमीठ वजा. वर्षाखेरीला हिशेब झाला की कर्ज शिल्लक. हे तुला समजावून सांगायला नको.

सहा वर्षांची असताना ती रस्त्याकडेला खेळत होती. मालकानं गाडी थांबवून विचारलं, कापूस वेचता येतो का? आठवड्यात तीस पौंड वेचलेस तर दुकानातला खाऊ देतो. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो. पोरीनं वेचले, खाऊ मिळाला. पुढच्या आठवड्यात मालकानं साठ मागितले. मोठेपणी ती ही आठवण सांगायची. तो खाऊ उचल होता आणि त्या उचलीनं आपण बांधले गेलो, हे तिला पुढं कळलं. एकदा वडिलांनी कसेबसे पैसे साठवून खेचरं आणि अवजारं घेतली. घर जरा वर येतंय असं दिसल्यावर एका गोऱ्यानं खेचरांच्या चाऱ्यात विष कालवलं. ते घर पुन्हा उभं राहिलं नाही.

शाळा सहावीपर्यंत, तीही कापसाचं काम नसेल त्या चार महिन्यांतच. पण वाचता-लिहिता येत होतं म्हणून मळ्यावर तिला हजेरी मांडायचं आणि वजन करायचं काम मिळालं. आता ऐक. मालकाच्या काट्यावर सरकवायचं वजन खोटं होतं. फॅनी लू शेतात आपलं खरं वजन घेऊन जायची. मालक येताना दिसला नाही की त्याचं काढून आपलं लावायची आणि वेचणाऱ्या बायकांना त्यांच्या घामाचं पुरतं माप द्यायची. ती म्हणायची, बंड करायची हीच एक रीत तेव्हा माझ्या हातात होती. मोर्चा नाही, भाषण नाही, चळवळ हा शब्दही गावात पोचायचा होता. तिच्यावरच्या पुस्तकातली ही जागा मी कितीदा वाचली असेन. तिच्या पुढच्या भाषणांपेक्षा मला ही कापसाच्या शेतातली फॅनी लू जास्त जवळची वाटते.

१९६१ साली ती गाठ काढायला दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तिला न विचारता, न सांगता गर्भाशयच काढून टाकलं. स्वतःच्या देहाची ही बातमी तिला मळ्यावरच्या कुजबुजीतून कळली. तिथल्या काळ्या बायकांत हे इतकं सर्रास होतं की ती त्याला ‘मिसिसिपीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन’ म्हणायची. वाचताना मला आपल्या शेजारच्या बीडच्या ऊसतोड बायका आठवल्या. ‘पिशवी काढली’ असं त्या किती सहज सांगतात. २०१९ साली त्यावर केवढा गदारोळ झाला. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. तिथं न सांगता केलं, इथं कॅन्सरची भीती आणि खाडा झाला तर मुकादमाचा दंड, यांनी बायकांना टेबलावर नेलं. पण राबणाऱ्या बाईचं शरीर तिचं नाहीच, असं धरून चालणारी माणसं दोन्हीकडं होती. पुस्तक बंद करून मी बराच वेळ अंगणात बसून राहिले.

मत देता येतं हे तिला कळलं तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. ऑगस्ट १९६२ मध्ये गावातल्या चर्चमध्ये सभा झाली, तिथं चळवळीतल्या तरुण पोरांनी सांगितलं. नाव नोंदवायला कोण येतं म्हटल्यावर हिचा हात वर. ३१ ऑगस्टला अठरा जण बसनं तालुक्याच्या गावी, इंडियनोलाला गेले. कारकुनानं मिसिसिपी राज्याच्या घटनेतलं एक कलम तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, अर्थ लिही. कापूस वेचणाऱ्या बाईला कायद्याच्या परिभाषेची परीक्षा! अर्थातच नापास. परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा रंग फार पिवळा. सगळे घाबरून गप्प बसले होते. तेव्हा हिनं गाणं म्हणायला सुरुवात केली, एकेक करून बाकीच्यांनी सूर धरला. दंडाचे पैसे सगळ्यांनी मिळून भरले.

घरी पोचली तर मालकाच्या कानावर आधीच गेलेलं. अर्ज मागं घे, नाहीतर मळा सोड. ती म्हणाली, मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. त्याच रात्री अठरा वर्षांचं घर सुटलं. थोड्याच दिवसांत, ती जिथं आसऱ्याला होती त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. अखेर जानेवारी १९६३ मध्ये ती परीक्षेत पास झाली. तर म्हणे मतदानासाठी भरायच्या कराच्या जुन्या पावत्या दाखव.

मिसिसिपीतल्याच विनोना गावच्या तुरुंगाबद्दल मी थोडंच लिहिते, लिहवत नाही. जून १९६३, एका शिबिराहून परतताना तिला आणि सोबत्यांना पकडलं. पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्या हातात कातडी सोटा देऊन तिला मारायला लावलं. मूत्रपिंड आणि डोळा जन्माचे अधू झाले. पायानं ती लहानपणापासून लंगडत होतीच.

पुढच्याच वर्षी अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं. मिसिसिपीतून आलेलं शिष्टमंडळ सगळं गोरं. त्याला आव्हान द्यायला हिच्या मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीची साठाहून जास्त माणसं पोचली. २२ ऑगस्ट १९६४ ला ती अधिवेशनाच्या, कोणाचं शिष्टमंडळ खरं ते ठरवणाऱ्या समितीपुढं बोलायला बसली. हातात कागद नाही. मळा, गोळ्या, तुरुंग, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. तिचं बोलणं चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी घाईनं पत्रकारांना बोलावलं आणि कॅमेरे तिकडं वळले. पण रात्री वाहिन्यांनी तेच बोलणं दाखवलं आणि देशभरात घराघरात ते ऐकलं गेलं. तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. चळवळीतल्या मोठ्या माणसांनीही घ्या म्हणून सांगितलं. ही म्हणाली, दोन जागांसाठी आम्ही एवढ्या लांब आलो नाही. तिला खोटं माप लगेच कळायचं, गडणी. शेतात कळलं होतं तसंच. १९६५ साली मतदान हक्काचा कायदा झाला आणि १९६८ साली शिकागोच्या अधिवेशनात ती आपल्या खुर्चीवर बसायला गेली तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं.

मला तिचं नंतरचं काम फार आवडतं. मत दिलं म्हणून चूल पेटत नाही, हे तिला ठाऊक होतं. १९६९ मध्ये तिनं सहकारी शेती काढली. गरिबाला गाभण डुकरीण द्यायची, तिला पिल्लं झाली की दोन पिल्लं परत आणायची, ती पुढच्या घराला. आपल्याकडच्या शेळीच्या व्यवहारासारखंच. काही वर्षांनी कर्जापायी ती जमीन हातची गेली. १४ मार्च १९७७ ला कर्करोगानं ती वारली, अवघी एकोणसाठ वर्षांची.

सवड काढून रूलव्हिलला जा. तिथं बागेत तिचा पुतळा आहे, जवळच नवऱ्याशेजारी तिची समाधी. सोसून सोसून आता सोसण्याचाच वीट आलाय, अशा अर्थाचे तिचे शब्द दगडावर कोरले आहेत. दोन्ही हात जोड, माझ्या वतीनंही.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. वजनाच्या गोष्टीला ती नुसती मान हलवत राहिली. मग म्हणाली, तिथला कापूस आता कोण वेचतं? म्हटलं, यंत्रं. तर म्हणाली, मग त्या बाया गेल्या कुठं? मला सांगता आलं नाही. तू जाशील तेव्हा तिथल्या एखाद्या म्हातारीला विचार आणि मला कळव. आई वाट बघते आहे.

तुझीच,
गडण