शेपटीची खालची बाजू

पर्यटकांना देवमासे दाखवायला निघालेल्या बोटींनी देवमाशांच्या अभ्यासात केवढी भर घातली आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. मी सागरी जीवशास्त्राची अभ्यासक. उन्हाळ्यात बॉस्टनहून सुटणाऱ्या अशा बोटींवर मी माहिती सांगते आणि त्याच वेळी नोंदीही करते. माझ्या लेखी ही दोन वेगळी कामं नाहीत.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यासमोर, केप ॲन आणि केप कॉड या दोन टोकांच्या मध्ये, समुद्राखाली वाळूचा एक लांबलचक उंचवटा आहे. त्याचं नाव स्टेलवॅगन बँक. १९९२ पासून ते राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे. भोवतालचा तळ खोल, पण उंचवट्यावर पाणी जेमतेम तीस-पस्तीस मीटर. खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी या चढाला अडून वर येतं आणि त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात. मग सँड लान्स नावाचे बोटभर लांबीचे मासे थव्यांनी जमतात आणि एप्रिलपासून त्यांच्या मागोमाग हंपबॅक येतात. हिवाळा या देवमाशांनी कॅरिबियन बेटांजवळ काढलेला असतो. वीण तिथेच होते, पण खायला तिथे जवळजवळ काहीच मिळत नाही. महिनोन्‌महिने उपाशी राहून, पोटच्या पिल्लाला दूध पाजत, हजारो किलोमीटर पोहून आलेली मादी आपल्यासमोर जेवत असते. बोटीवरच्या माणसांना मी हे आधीच सांगून ठेवते, कारण त्यानंतर त्यांची पाहण्याची नजर बदलते.

बंदरातून बाहेर पडलं की जुलैतही अंगात स्वेटर लागतो. बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले असं धरून मी दिशा सांगते. ‘दोन वाजता, फवारा!’ असं म्हटलं की सगळे उजवीकडे धावतात. तो फवारा म्हणजे त्या जनावराचा उच्छ्वास. तीन-चार मीटर उंच, झुडपासारखा पसरलेला, आणि वारा आपल्या दिशेने असला तर कुजलेल्या माशांचा वास घेऊन येणारा. तीन-चार श्वास झाले की पाठीची कमान होते आणि पाण्यातून शेपटी वर उचलली जाते. त्या क्षणी मला तिच्या खालच्या बाजूचा फोटो हवा असतो.

प्रत्येक हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचं काळं-पांढरं चित्र वेगळं असतं आणि तिची दातेरी कडही वेगळी. १९७० च्या दशकात स्टीव्हन कटोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेन राज्यातल्या बार हार्बरला अशा फोटोंचा संग्रह उभा करायला घेतला. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, केप कॉडच्या प्रॉव्हिन्सटाउनहून अल अव्हेलार यांनी देवमासे दाखवणारी बोट सुरू केली आणि चार्ल्स मेयो हे शास्त्रज्ञ तिच्यावरून नोंदी करू लागले. संशोधनासाठी रोज जहाज काढायचं तर ते कुणालाच परवडलं नसतं. इथे तिकीट काढून आलेल्या माणसांनी ते जहाज रोज समुद्रात नेलं.

या भागातली सर्वांत प्रसिद्ध मादी म्हणजे सॉल्ट. पाठीवरच्या परावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे व्रण, म्हणून हे नाव. पहिल्यांदा ती दिसली १९७० च्या दशकात. पुढे डोमिनिकन रिपब्लिकच्या उत्तरेला सिल्व्हर बँकवर ती ओळखली गेली, आणि इथले देवमासे हिवाळ्यात जातात कुठे याचा धागा हाती आला. तिची डझनाहून अधिक पिल्लं नोंदली गेली आहेत. टबॅस्को, केजन, वसाबी अशी त्यांची नावं आहेत, आणि आता नातवंडांच्याही शेपट्या संग्रहात आहेत. ‘ही सॉल्टची नात’ असं मी सांगते तेव्हा बोटीवरची आजी-आजोबा मंडळी कॅमेरा खाली घेऊन नुसती पाहत राहतात.

या नोंदींनी दिलेली सर्वांत मोठी गोष्ट मला वाटते ती अशी. हंपबॅक थव्याभोवती बुडबुड्यांचं जाळं विणून मासे कोंडतात. १९८० मध्ये इथल्या एका देवमाशाने जाळं विणण्याआधी पाण्यावर शेपटी आपटली. आधी कुणी तसं करताना दिसलेलं नव्हतं. तोवर इथली हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा, खूप घटली होती आणि सँड लान्स वाढले होते. नव्या भक्ष्यासाठी ही नवी युक्ती असावी. २००७ पर्यंत या समूहातल्या एक तृतीयांशाहून अधिक देवमाशांनी ती उचलली होती. २०१३ मध्ये जेनी ॲलन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं की ही रीत एकाने दुसऱ्याकडून शिकून पसरली. कोण कुणाच्या संगतीत होता हे माहीत असल्याशिवाय ते सिद्ध झालं नसतं. ती माहिती म्हणजे सत्तर हजारांहून अधिक नोंदी, बहुतेक पर्यटक बोटींवरून केलेल्या.

अशाच नोंदींच्या नकाशावरून कळलं की बॉस्टनला येणाऱ्या मालवाहू जहाजांचा मार्ग देवमाशांच्या गर्दीतूनच जातो. २००७ मध्ये तो मार्ग सरकवला गेला. तरीही धोका सरलेला नाही. २०१६ पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक नेहमीपेक्षा जास्त संख्येने मरत आहेत, आणि तपासलेल्या कित्येक मृतदेहांवर जहाजाच्या धडकेच्या किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा आहेत. म्हणून पिल्लाजवळ घुसणारी, दुसऱ्या बोटींशी स्पर्धा करणारी बोट मला सहन होत नाही. मालवण-गोव्याकडे डॉल्फिनच्या कळपामागे होड्या पळवतात, ते पाहूनही तितकाच त्रास होतो. अंतर राखून इंजिन न्यूट्रलला ठेवलं की पुष्कळदा जनावर आपणहून जवळ येतं.

आणि आपल्या समुद्रातही हंपबॅक आहेत. अरबी समुद्रातला हा समूह जगात एकमेव असा आहे, जो वर्षभर उष्ण पाण्यातच राहतो. खातो तिथेच, वितो तिथेच. जनुकीय अभ्यासानुसार तो सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळा आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत जहाजांनी त्यातले २४२ मारले. ओमानच्या किनाऱ्याचा अंदाज फक्त ८२ चा आहे. २०१७ च्या अखेरीस तिथे उपग्रह-खूण लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, भारताच्या किनाऱ्याने दक्षिणेला गेली आणि परत फिरली. गोव्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या उपकरणांनी हंपबॅकचं गाणंही टिपलं आहे, आणि गातात फक्त नर.

म्हणजे नर आणि मादी दोघंही आपल्यापर्यंत येतात, पण स्टेलवॅगनसारखी रोज नोंदणारी बोट आपल्याकडे नाही. रोज समुद्रात जातात ते देवगड, मालवण, हर्णैचे मच्छीमार. तांडेलाच्या खिशात आज फोन असतो, ट्रॉलरवर जीपीएस असतो. बुडी मारताना शेपटी वर आली तर मागून, खालच्या बाजूचा एक फोटो, सोबत तारीख, वेळ आणि जीपीएसवरचे आकडे, एवढं पुरे. ओमानच्या संग्रहातल्या शेपट्यांशी तो ताडून पाहता येतो, आणि जुळला नाही तर या समुद्रातल्या आणखी एका देवमाशाची ती पहिली नोंद असू शकते.