याकोबाच्या पत्रातील एक वचन

बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि १८५४ साली तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे आपल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? विधवा व अनाथ यांच्या संकटात धावून जाणे ही शुद्ध भक्ती, असे याकोब सांगतो. त्याच वचनात स्वतःला जगापासून निष्कलंक राखण्याचीही आज्ञा आहे. आम्हांला तीच अधिक सोयीची वाटते! पदमनजींनी मात्र १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मांडले.

निपाणीकडे विड्या वळणाऱ्या विधवा वेतनाचा कानडी अर्ज घेऊन रविवारीच माझ्या दारी येतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते; इतर दिवशी ती बुडते. उपासनेची घंटा होते. मी रकाने भरीत असतो.