केसरींची यादी

महाराष्ट्र केसरीच्या मानकऱ्यांची यादी वाचायला मला फार आवडते. एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला नाव, एवढाच तिचा ऐवज. पण ‘1961, दिनकर दह्यारी’ या पहिल्या ओळीवर बोट ठेवून खाली सरकू लागलं, की नावांमागून गावं उभी राहतात, गावांमागून तालमी, आणि तालमींमागून त्याच हौद्यात अंग झिजवूनही कुठल्याच यादीत न आलेली माणसं. गणपतराव खेडकर, चंबा मुतनाळ, हरिश्चंद्र बिराजदार, दादू चौगुले, लक्ष्मण वडार, युवराज पाटील. जुन्या कुस्तीशौकिनासमोर यांतलं एखादं नाव काढून बघा. तो आधी कानाच्या पाळीला हात लावतो, मगच बोलायला लागतो.

राज्य झालं 1 मे 1960 ला, आणि पुढच्याच वर्षी औरंगाबादला हा किताब सुरू झाला. हे दोन्ही इतकं लागोपाठ घडलं याचं मला अप्रूप वाटतं. नव्या राज्याला आपला मल्ल हवा होता. त्याआधी कुस्तीच्या पाठीशी राजे होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात देशभरातले मल्ल सांभाळले आणि खासबागेचं मैदान उभारलं. मध्ये खोलगट आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या ओळीतल्या माणसालाही पकड दिसावी अशी त्याची रचना. पुढे संस्थानं विलीन झाली आणि पैलवानाच्या खुराकाची काळजी वाहणारा हात गेला. 1952 साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, ते लोकांनी वर्गणी काढून दिली त्या बळावर. कुस्तीला आता लोकांचाच आधार होता, आणि त्या आधाराला घडी बसवून दिली मामासाहेब मोहोळांनी. त्यांच्या कुस्तीगीर परिषदेने किताब सुरू केला आणि दरवर्षी कुठल्या तरी जिल्ह्याच्या गावी अख्ख्या महाराष्ट्राची कुस्ती येऊन उतरू लागली.

त्या मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीय विजेत्याला गदा देतात. आत लाकूड, वर चांदीचा पत्रा. ती खांद्यावर घेताना घामाने निथळणाऱ्या पैलवानाचा हात थरथरतो, तो वजनाने नव्हे. इतकी वर्षं पहाटे उठून मारलेले जोर आणि बैठका, वस्तादाचा मार, बदाम-खसखशीच्या थंडाईसाठी घरच्यांनी विकलेली दुभती म्हैस किंवा शेताचा तुकडा, हे सगळं त्या क्षणी त्या खांद्यावर येतं.

पण या किताबाचं मला सर्वांत भावणारं वैशिष्ट्य वेगळंच आहे. तो कुणाकडून हिसकावून घेता येत नाही. पुढच्या वर्षी नवा केसरी होतो, म्हणून जुना उतरत नाही. गावच्या यात्रेत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. शेवटच्या निकाली कुस्तीआधी हलगी थांबते आणि निवेदक एका म्हाताऱ्या पैलवानाचं नाव पुकारतो, नावाआधी ‘महाराष्ट्र केसरी’ लावून. फेटा बांधलेला, कान मोडून गड्डे झालेला, गुडघ्याने अधू झालेला तो माणूस आधाराने आखाड्यात उतरतो. वाकून चिमूटभर माती कपाळाला लावतो. मग दोन तरण्या मल्लांचे हात हातात घेऊन जोड लावून देतो. ती पोरं झुंजायला अधीर झालेली असतात, तरी सलामीआधी त्याच्या पायांना हात लावतात. त्याचा किताब चाळीस वर्षांपूर्वीचा असतो, आणि तरी त्या संध्याकाळी तो पुरता त्याच्याकडेच असतो. म्हणून मला ही यादी वंशावळीसारखी वाटते. काही घरांत तर ती खरोखरच वंशावळ झाली. दादू चौगुले 1970 आणि 1971 चे केसरी, आणि त्यांचे चिरंजीव विनोद चौगुले 2000 चे. त्यानंतर कोल्हापूरला गदेसाठी दोन दशकं वाट पाहावी लागली. 2022 साली साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलने मागे पडलेली कुस्ती 5-4 अशी ओढून आणली, तेव्हा कुठे ती परतली.

दरम्यान कुस्तीच्या पायाखालची जमीनच बदलली. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेल्या लाल मातीशेजारी गादी आली. आता दोन विभाग होतात, मातीचा आणि गादीचा, आणि दोघांतले विजेते गदेसाठी भिडतात ते गादीवर. मातीत वाढलेल्या मल्लाला तिथे सगळंच अनोळखी असतं. मातीवर खडाखडीला उसंत असते, प्रतिस्पर्ध्याचा दम काढता येतो, आणि निकाल म्हणजे पाठीला लागलेली माती. गादीवर घड्याळ पळत असतं आणि एकेक गुण मोजला जातो. ऑलिम्पिकला जायचं तर गादीला पर्याय नाही, हे मला पटतं. तरीही ज्या मातीने हा किताब जन्माला घातला, तिच्या मल्लाला निर्णायक कुस्ती दरवर्षी परक्या जमिनीवर खेळावी लागते, याची रुखरुख लागतेच. एक वर्ष मातीवर, एक वर्ष गादीवर, असं झालं तर मला आनंद होईल.

जानेवारी 2020 ची लढत आठवा. गादीवरून आलेला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि मातीवरून आलेला लातूरचा शैलेश शेळके, दोघेही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे. रोज एकमेकांशी लढून तयार झालेले, एकमेकांचा डाव आणि त्याची तोड पाठ असलेले. अशी कुस्ती सर्वांत अवघड. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने काय केलं, तर हरलेल्या शैलेशला उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. गदा त्यानंतर. यादीत त्या साली एकच नाव आहे, पण ते छायाचित्र पाहिलेल्या माणसाला तिथे दोन नावं वाचता येतात.

म्हणूनच 2023 चा नोव्हेंबर मनाला लागला. संघटनांच्या भांडणात एकाच महिन्यात दोन स्पर्धा झाल्या. फुलगावला सिकंदर शेख केसरी झाला, धाराशिवला शिवराज राक्षे. शिवराज तर फुलगावची अंतिम कुस्ती हरून आला होता आणि काही दिवसांतच धाराशिवला जिंकला. दोन्ही पोरं अस्सल, दोघांचीही मेहनत खरी, त्यांना बोल लावायला जागा नाही. पण साठ वर्षं एका ओळीत चालत आलेली वंशावळ पदाधिकाऱ्यांनी फोडली, आणि कुठल्या गदेला मान द्यायचा हा प्रश्न गावोगावच्या तालमींतल्या पोरांवर टाकला. मल्लांनी एवढं जपलं, ते संघटनांना जपता येऊ नये, याचा राग येतो.

त्याच 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत एक दुसरी यादी सुरू झाली, तिची पहिली ओळ प्रतीक्षा बागडीची. पहिली महिला महाराष्ट्र केसरी. ज्या हौद्यात बाईने पाऊल टाकायचं नाही असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक होता, त्यातच आता जिल्ह्याजिल्ह्यांतून मुली लढायला येतात. यात्रेच्या फडात त्यांच्या जोडी लागतात, त्यांच्यावर इनामं बोलली जातात, आणि पूर्वी फडाकडे न फिरकणाऱ्या बाया पुढच्या रांगेत बसून नाव घेऊन ओरडतात, ‘सोडू नको, पट धर!’