निकाली न निघालेलं नाव

आमच्या मंडळीत बुधवारच्या प्रार्थनासभेसाठी विनंत्यांची एक वही आहे. फुलस्केप, जाड पुठ्ठ्याची. पट्टीनं आखलेले चार रकाने: तारीख, नाव, विनंती, उत्तर. त्या वहीतून माझ्या धाकट्या भावाचं नाव खोडलं गेलं, त्याला बराच काळ लोटला. राग मात्र अजून गेलेला नाही.

भाऊ दारू प्यायचा. त्यापुढचं सविस्तर सांगायची गरज नाही. ज्यांच्या घरात हे झालं त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी शेजारीपाजारी पाहिलेलं आहे. नोकरी गेली, भावजय मुलांना घेऊन माहेरी राहून आली, आई त्याच काळजीत गेली. दवाखाना केला, व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. आणि दर बुधवारी मंडळीत त्याचं नाव दिलं.

वही सांभाळणारे आमचे तेव्हाचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. अक्षर वळणदार, काम चोख. वही भरली की चालू विनंत्या ते नव्या वहीत उतरवून काढायचे. त्या जानेवारीत नवी वही आली. पहिल्या बुधवारी नावं वाचली गेली, त्यात भावाचं नाव नव्हतं. नजरचुकीनं राहिलं असेल असं वाटलं. सभा संपल्यावर विचारलं, तर त्यांनी जुनी वही उघडून माझ्यापुढे धरली. भावाच्या नावावर पट्टी लावून मारलेली लाल रेघ होती. उत्तराच्या रकान्यात एकच शब्द होता: निकाली.

“निकाली म्हणजे काय?” मी विचारलं.

“अहो, किती वर्षं तेच नाव पुढं ओढायचं? नव्या विनंत्यांना वेळ नको का? देवाची इच्छाही ओळखायला शिकलं पाहिजे.”

शेजारी दोन पंच उभे होते. एकानं मान डोलावली. दुसरा म्हणाला, “त्याचीच सुधारायची तयारी नाही, तर प्रार्थना तरी काय करणार?”

मी वही हातात घेऊन पानं उलटली. मंडळीच्या जागेचा कोर्टात दावा चालू आहे. त्याची विनंती भावाच्या नावाच्या कितीतरी आधीपासून त्याच वहीत आहे. तिलाही उत्तर नव्हतं. तिच्यावर रेघ नव्हती. नव्या वहीत ती पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात उतरवलेली होती. जमिनीसाठी देवाचं दार ठोठावत राहायला आमच्या पुरुषांना कंटाळा आला नाही. माणसासाठी आला. हे मला तेव्हा गिळता आलं नाही आणि आजही येत नाही.

पुढच्या बुधवारी मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या मावशींनी मोठ्यानं प्रार्थना करताना भावाचं नाव घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “वहीत असो नसो बाबा, मला वाचता येत नाही. मी नाव घेणार.”

आमच्याकडे प्रार्थना ही बायकांची गोष्ट होऊन बसली आहे. पंचकमिटीच्या निवडणुकीला हॉलमध्ये उभं राहायला जागा नसते. बुधवारी मात्र महिला मंडळ आत आणि पुरुष गेटपाशी, गाड्यांना टेकून. कुणाला प्रार्थना करा म्हटलं तर “पाळकसाहेब, तुम्हीच करा.” पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, राग आणि वाद सोडून सर्व ठिकाणी प्रार्थना करायला कुणाला सांगितलं आहे ते काढून बघा. पुरुषांना. गेथशेमाने बागेत प्रभूनं जागं राहायला सांगितलं तेही तिघा पुरुषांनाच, आणि पेत्र, याकोब, योहान तिघेही झोपले. कलस्सैच्या पत्रातला एपफ्रास मला म्हणूनच फार जवळचा वाटतो. त्याचा उपदेश नोंदलेला नाही, चमत्कार नोंदलेला नाही. आपल्या गावच्या लोकांसाठी तो जीव तोडून प्रार्थना करत असे, हे मात्र पौलानं आवर्जून लिहिलं आहे.

महाराष्ट्रात तर आपल्याला लांब जायला नको. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन झालं, त्याआधी महिनोन्‌महिने पंडिता रमाबाईंच्या बोलावण्यावरून तिथल्या बायका आणि मुली रोज प्रार्थनेला जमत होत्या. आपण त्याचा अभिमानानं उल्लेख करतो आणि पुन्हा गेटपाशी जाऊन उभे राहतो.

ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलरही प्रार्थनेची नोंद ठेवत. 1844 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी पाच जणांच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली. पहिला दीड वर्षांनी विश्वासात आला, दुसरा त्यानंतर पाच वर्षांनी, तिसरा आणखी सहा वर्षांनी. उरलेल्या दोघांसाठी 36 वर्षं झाली तरी प्रार्थना चालूच होती आणि तोवर ते दोघे आलेले नव्हते. आमच्या वहीत हे दोघे केव्हाच निकाली निघाले असते.

लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारात पुन्हापुन्हा जाते. हा दाखला कशासाठी सांगितला ते सुरुवातीलाच दिलेलं आहे: खचून न जाता सर्वदा प्रार्थना करावी म्हणून. किती वेळा गेली याचा आकडा प्रभूनं सांगितला नाही. सांगितला असता तर आपण तेवढ्या फेऱ्या मारून थांबलो असतो.

वहीचा प्रकार कानावर गेल्यावर मंडळीतले दोघे जण घरी आले. एक एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर, एक शाळेतले क्लार्क. म्हणाले, “दादा, आपण आपलं बसू.” तेव्हापासून शनिवारी पहाटे आम्ही बसतो. पुढे आणखी काही जण आले, काही गळाले. आता विचार करतो तेव्हा वाटतं, ती लाल रेघ मारली गेली नसती तर हे सुरूच झालं नसतं. बुधवारी नाव वाचलं जायचं, सगळे आमेन म्हणायचे, आणि काम झालं असं मीही मानत राहिलो असतो. मग सेक्रेटरींचे आभार मानायचे का? ते मला जमत नाही.

भावाची दारू एका नाताळात सुटली, पावसाळ्यात पुन्हा लागली, पुन्हा सुटली. आज तो घेत नाही. उद्याचं मी बोलत नाही. कित्येकदा त्याचं नाव घेताना माझ्या मनात माया नसते, नुसता वैताग असतो. तरी घेतो. माया आल्यावर प्रार्थना करू म्हणणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले. ते अजून वाटच बघत आहेत.

चार गोष्टी सांगतो. वेळ एकच ठरवा, पहिल्या शिफ्टच्या आधी दहा मिनिटं असली तरी चालतील. नावं कागदावर लिहून बायबलमध्ये ठेवा. मोठे शब्द शोधू नका, घरात बोलता तसं बोला. आणि व्हॉट्सअॅपवर “प्रार्थनेत आहोत” लिहून हात जोडल्याचं चित्र पाठवण्याआधी खरंच गुडघे टेका. डॉक्टर, औषध, केंद्र यांपैकी काही थांबवू नका, प्रार्थना त्याच्या आड येत नाही.

तुमच्या मंडळीत पुरुषांची प्रार्थना नसेल तर ठरावाची वाट पाहू नका. एका माणसाला बरोबर घ्या आणि या शनिवारी बसा. दोघे-तिघे जिथं त्याच्या नावानं जमतात तिथं आपण असतो, असं प्रभूनं सांगितलं आहे. कमिटीची अट त्यानं घातलेली नाही.