फ्रेमवरची वेळ

लघुग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश काही क्षण अडतो, त्याला पिधान म्हणतात. त्या वेळी लघुग्रहाची सावली जमिनीवरून सेकंदाला पंधरा किलोमीटर वेगाने धावत असेल, तर नोंदीतल्या एक दशांश सेकंदाच्या चुकीने लघुग्रहाची कड दीड किलोमीटर सरकते. जुलै २०१७ मध्ये अर्जेंटिनात मांडलेल्या दुर्बिणींच्या नोंदी एकमेकींशी जुळवूनच सुमारे ३६ किलोमीटर लांबीच्या अ‍ॅरोकॉथ या दूरच्या खगोलीय पिंडाला दोन भाग असावेत, असा अंदाज बांधता आला. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यानाने तो खरा ठरवला.

दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्याच्या नोंदीतल्या प्रत्येक फ्रेमवर वेळ छापलेली असते आणि नवखा निरीक्षक तिच्यावर सहज विसंबतो. वास्तविक ती वेळ बहुधा फ्रेम संगणकात पोहोचल्याची असते, प्रकाश पडल्याची नव्हे, आणि यूएसबी केबल, ड्रायव्हर व सॉफ्टवेअर यांत गेलेला काळ तिच्यात मिसळलेला असतो. म्हणून संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून बिनचूक लावले तरी कॅमेऱ्याची परीक्षा झाली असे होत नाही. खरी परीक्षा प्रकाशानेच घ्यावी लागते: जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाच्या आरंभी जो विद्युत-स्पंद देतो, त्यावर एक एलईडी क्षणभर पेटवून तिचा प्रकाश संवेदकावर सर्वत्र पसरवायचा आणि ती चमक कोणत्या फ्रेममध्ये उतरली ते पाहायचे.

बहुतेक सीमॉस कॅमेऱ्यांत रोलिंग शटर असते, म्हणजे संवेदकाच्या ओळी एकदम नव्हे तर एकीमागून एक उघडतात. त्यामुळे उघडीप अल्पकाळ ठेवली तर चमक फ्रेमभर न दिसता आडव्या उजळ पट्ट्यासारखी दिसते. एका ओळीला २० मायक्रोसेकंद लागत असतील तर हजाराव्या ओळीवरचा तारा पहिल्या ओळीवरच्यापेक्षा २० मिलिसेकंद उशिरा नोंदला जातो, तेव्हा तारा कोणत्या ओळीवर होता हेही टिपून ठेवणे भाग पडते.

जीपीएसही डोळे झाकून मानण्याजोगे नाही. त्याची स्वतःची कालगणना २०१७ पासून जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे, आणि हा फरक सांगणारा संदेश उपग्रहांकडून साडेबारा मिनिटांतून एकदाच येत असल्याने, बराच काळ बंद असलेला रिसीव्हर सुरू करताच घेतलेली नोंद पूर्ण सेकंदांनी चुकू शकते. मिलिसेकंद जपणाऱ्याची फजिती होते ती बहुधा इथेच.

एलईडीची चाचणी पिधानाच्या रात्रीचाच लॅपटॉप, तीच केबल आणि फ्रेमचा तोच आकार ठेवून करावी, कारण फ्रेम नुसती कापून लहान केली तरी विलंबाचा आकडा बदलतो.