नाव घ्यायला निमित्त

कविता लिहिणारा माणूस मन मोकळं करतो आणि अद्भुतकथा लिहिणारा पळ काढतो, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. मी बरीच वर्षं कविता लिहिते. त्यामुळे ‘ही कोणावर लिहिलीस गं?’ हा प्रश्न मला पाठ झाला आहे. पंख असलेले ड्रॅगन, जादूगार, कुठल्याच नकाशात नसलेली बेटं यांच्यावर लिहिणाऱ्याला हे कोणी विचारत नाही. त्याला फार तर ‘एवढं सगळं सुचतं कसं?’ असं विचारतात, आणि त्या विचारण्यात कौतुक कमी, ‘पोराटोरांसाठी ठीक आहे’ हा भाव जास्त असतो. अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विन वाचायला लागल्यापासून मला वाटू लागलं, की या दोन प्रश्नांची अदलाबदल करायला हवी. निदान तिच्या बाबतीत तरी.

तिनं दोन्ही लिहिलं, आणि शेवटपर्यंत लिहिलं. छापून आधी आली ती कविता, १९५९ साली, एका छोट्या मासिकात. शेवटचं हस्तलिखित तिनं हातावेगळं केलं तेही कवितांचंच. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत ‘अर्थसी’ची बेटं, ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मधला बर्फाळ ग्रह, कथा, निबंध, भाषांतरं. जगानं तिला ओळखलं ते बेटांमुळे. कविता मागच्या दारानं येत-जात राहिल्या.

तिचा जन्म १९२९चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वडील आल्फ्रेड क्रोबर नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. त्यांच्या आयुष्यातली एक घटना तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. याही जमातीचा. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याची माणसं मारून संपवली होती. तो शेवटचा उरला होता. क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आसरा दिला, त्याची भाषा, गाणी, बाण बनवायची रीत टिपून घेतली. त्यानं सगळं सांगितलं, स्वतःचं नाव तेवढं सांगितलं नाही. त्याच्या रिवाजात आपलं नाव आपण सांगायचं नसतं, दुसऱ्यानं सांगायचं असतं, आणि सांगायला कोणी उरलंच नव्हतं. मग क्रोबरनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे नुसतं ‘माणूस’. १९१६ साली तो क्षयानं गेला, आणि खरं नाव त्याच्याबरोबरच गेलं.

घरात वडील इशीबद्दल फारसं बोलत नसत. त्याची कहाणी लिहिली ती आईनं, थिओडोरा क्रोबर यांनी. ते पुस्तक १९६१ साली आलं. त्यानंतर तीनच वर्षांनी लेकीची एक कथा एका मासिकात आली, आणि त्या कथेच्या जगातला नियम असा होता, की प्रत्येकाचं एक खरं नाव असतं, ते कोणाला सांगायचं नाही, आणि ज्याला ते कळलं त्याची त्या माणसावर सत्ता चालते. याच जगात पुढे १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ घडली. इशीपासून अर्थसीपर्यंत सरळ रेघ ओढणं फार सोपं आहे, आणि लेखकाच्या मनात रेघा इतक्या सरळ नसतात हे मलाही कळतं. तरी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, की मला गप्प बसवत नाही.

नावाचा हा नियम मराठी बाईला शिकवावा लागत नाही. आजीच्या पिढीत नवऱ्याचं नाव घ्यायचंच नाही. ‘अहो’, ‘इकडून’, ‘हे’ एवढ्यावर आख्खा संसार व्हायचा. नाव घेतलं तर त्यांचं आयुष्य कमी होतं, अशी भीती. पण मंगळागौरीला, डोहाळजेवणाला बायका हट्टानं नाव घ्यायला लावायच्या, आणि तेव्हा चालायचं, कारण ते उखाण्यात असायचं. महादेवाची पिंडी, बेलाचं पान, चांदीचं ताट असं काहीबाही यमकात बसवून शेवटी ते नाव. सरळ बोललं तर पाप, ओळीत गुंफलं तर सण. कवितेला आपल्या आज्यांनी हा परवाना कधी दिला कोण जाणे. अर्थसीचे जादूगार मंत्र म्हणतात तेव्हा मला हेच आठवतं. तिथेही जादू म्हणजे बोटं नाचवणं नाही. नेमका शब्द, नेमक्या जागी. आणि तो चुकला तर किंमत मोजावी लागते. कादंबरीच्या सुरुवातीलाच तिनं एक चिमुकली कविता ठेवली आहे, त्या काल्पनिक जगातल्या सर्वांत जुन्या काव्यातला तुकडा म्हणून. म्हणजे आधी कविता झाली आणि मग तिच्यातून बेटं वर आली, असं त्या जगाचं पुराणच आहे.

पहिल्या कादंबरीतला गेड हा पोरगा गर्वाच्या भरात एक काळी सावली जगात सोडतो आणि पुस्तकभर तिच्यापासून पळतो, मग तिचा पाठलाग करतो. शेवटी समोरासमोर आल्यावर तिला नाव द्यावं लागतं. तो स्वतःचंच नाव देतो. एवढी थेट कबुली देणारी कविता मी अजून लिहू शकलेली नाही.

पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्या पुस्तकानं, ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’नं. वाळवंटातल्या एका देवस्थानाची मुख्य पुजारीण मेली, की त्याच रात्री जन्मलेली मुलगी शोधायची. ती मुलगी पाच वर्षांची झाली, की आईबापांकडून न्यायची, आणि विधी करून तिचं नाव पुसायचं. तिथल्या अनाम देवतांनी ते खाल्लं असं मानायचं. तेनार नावाच्या मुलीची अशी ‘आर्हा’ होते. खाल्लेली. पुढे अंधाऱ्या भुयारात सापडलेला कैदी, तोच गेड, तिला तिचं जुनं नाव परत देतो. त्यापलीकडे तो तिच्यासाठी फारसं काही करत नाही. भुयारातून वाट काढते ती.

माझ्या आईचं नाव लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं त्यात नवं नाव लिहून. त्या पिढीत हे इतकं नेहमीचं होतं, की कोणी त्याला पुसणं म्हटलं नाही. सातवीच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. माहेरच्या नावानं तिला हाक मारणारा शेवटचा माणूस माझा मामा. तो गेला तेव्हा आई म्हणाली, ‘आता मला ओळखणारं कोणी राहिलं नाही.’ आम्ही चार मुलं समोर बसलेलो. मला तेव्हा राग आला होता. पुढे कधीतरी तेनारची गोष्ट वाचली, आणि रागाच्या जागी वेगळंच काही आलं. आईवर मी कविता लिहिल्या आहेत, त्यात तिचे हात आहेत, पदर आहे, भाकरी आहे. तिचं खाल्लेलं नाव त्यात नाही. ते मला पोर्टलंडच्या एका बाईनं, न पाहिलेल्या वाळवंटात नेऊन दाखवलं.

ही पोर्टलंडची बाई चारचौघींसारखा संसार करत होती. १९५३ साली शिष्यवृत्तीवर फ्रान्सला जाताना बोटीवर चार्ल्स ल ग्विन भेटले, त्याच वर्षी पॅरिसमध्ये लग्न. चार्ल्स इतिहासाचे प्राध्यापक. पुढे ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात, थर्मन रस्त्यावरच्या एका जुन्या लाकडी घरात दोघांनी जन्म काढला. तीन मुलं. ती लहान असताना लिहिणं रात्री, मुलं झोपल्यावर. नवरा मुलांचं बघायचा, हे तिनं आवर्जून सांगितलं आहे. (आपल्याकडच्या किती लेखिकांना आवर्जून सांगण्यासारखं हे वाक्य मिळालं असतं?) खिडकीतून सेंट हेलेन्सचा ज्वालामुखी दिसायचा. १९८०च्या मे महिन्यात त्याचा माथा उडाला, तोही तिनं तिथूनच पाहिला.

आता माझा मुद्दा. रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकत असताना ती गरोदर राहिली. त्या काळी अमेरिकेत गर्भपात बेकायदा. आईवडील पाठीशी उभे राहिले, पैसे उभे केले, गुपचूप सगळं पार पडलं. तीस वर्षं तिनं त्यावर जाहीर अवाक्षर काढलं नाही. १९८२ साली गर्भपाताच्या हक्कासाठी काम करणाऱ्या संघटनेपुढे बोलायची वेळ आली, तेव्हा तिनं काय केलं? परीकथा सांगितली. फार फार वर्षांपूर्वी, काळोखाच्या युगात एक राजकन्या होती, अशी. आयुष्यातली सगळ्यांत खाजगी गोष्ट सांगायला या कवयित्रीनं कविता निवडली नाही. राजकन्येच्या झग्यात ती जितकी उघडी झाली तितकी ‘मी’ म्हणून झाली नसती, असं मला वाटतं. ‘मी’ म्हटलं, की माणूस लगेच आवरून-सावरून बसतो.

मग तिच्या कवितांत काय आहे? पहिला संग्रह ‘वाइल्ड एंजल्स’ १९७५ साली आला, तोपर्यंत तिच्या कादंबऱ्यांना मोठे पुरस्कार मिळून गेले होते. कवितांत मांजरं आहेत, डोंगर, नद्या, पाऊस, घरातल्या वस्तू. २०१५च्या ‘लेट इन द डे’मध्ये स्वयंपाकघरातल्या चमच्यांवर कविता आहे. कुण्या आदिवासी बाईच्या हातात कधीकाळी फिरलेल्या दगडी बत्त्यावर आहे. तो बत्ता मुठीत धरला की किती हातांनी तो झिजवला ते कळतं. तेवढंच पाहायचं, जोरानं अर्थ काढायचा नाही, अशी तिची वृत्ती. काही कविता फिक्या आहेत, हेही सांगून टाकते. यमकाच्या मागे गेलेल्या, एका सुभाषितावर संपलेल्या. तिच्या गद्यात जी लय आहे ती तिच्या पद्यात दर वेळी सापडत नाही. आणि तरी त्या कविता मला हव्या आहेत, कारण त्यांत ती स्वतःकडे नाही, बाहेर पाहते. ज्या ठिकाणी आपण हृदय ओतायची अपेक्षा करतो तिथं ती चमचा पुसून जागेवर ठेवते.

वडिलांकडून आलेलं हे असावं. त्यांच्याकडे ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाची १८९८ सालची प्रत होती. एकदा ते पुस्तकावर खुणा करताना दिसले, म्हणून तिनं विचारलं. आपल्या अंत्यविधीला कुठली प्रकरणं वाचावीत त्यावर खुणा करतोय, असं उत्तर आलं. १९६०मध्ये ते गेले तेव्हा तीच प्रकरणं वाचली गेली. विशीत असल्यापासून ती या पुस्तकाचं आपलं इंग्रजी रूप करत राहिली. चिनी येत नसताना, मूळ चिनी शब्द आणि बाकीची भाषांतरं शेजारी मांडून. ते छापलं १९९७ साली. चाळीस वर्षं एका पुस्तकाबरोबर राहणं म्हणजे काय, ते तिच्या जादूगारांकडे पाहिल्यावर समजतं. जे करायची गरज नाही ते न करणं, ही त्यांची सगळ्यांत अवघड विद्या आहे.

१९९०मध्ये ‘तेहानू’ आली, तेव्हा बरेच जुने वाचक नाराज झाले. गेडची सगळी शक्ती गेलेली. तेनार आता मध्यमवयीन विधवा, शेळ्या राखते, भांडी घासते, जाळून टाकलेल्या एका पोरीला सांभाळते. कुठे गेली जादू, असं लोक विचारू लागले. मला विचाराल तर तिच्या कविता आणि तिची बेटं इथं पहिल्यांदा एका घरात राहायला आली. चमचे आणि ड्रॅगन एकाच पुस्तकात. हे तिचं सगळ्यांत धाडसी पुस्तक आहे, आणि ते पन्नाशी उलटून गेल्यावर वाचावं.

एक गोष्ट माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते, ती लपवत नाही. शेवटच्या ‘सो फार सो गुड’मधल्या कविता म्हातारपण आणि मरण यांच्याबद्दल अगदी सरळ बोलतात, कसलाही झगा न घालता. ते हस्तलिखित तिनं मरणाच्या थोडेच दिवस आधी पुरं केलं. २२ जानेवारी २०१८ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी, पोर्टलंडच्या त्याच घरात ती गेली. कदाचित त्या वयाला लपायला काही उरत नसेल. त्याआधी २०१४मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशननं जीवनगौरव पदक दिलं, तेव्हा तिनं ते साहित्याच्या पंगतीतून इतकी वर्षं उठवून लावलेल्या अद्भुतकथा आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्यांबरोबर वाटून घेतलं, आणि प्रकाशकांच्या नफेखोरीवर त्यांच्याच मांडवात कोरडे ओढले.

आपल्याकडेही ही पंगत अशीच आहे. जी. एं.च्या ‘रमलखुणा’मधल्या कुठल्याही देशाच्या नसलेल्या प्रदेशांना आपण मान दिला, पण तो ‘रूपककथा’ असं गंभीर लेबल लावून. नारायण धारपांच्या वाट्याला ते लेबल आलं नाही. ते वाचनालयात फाटेपर्यंत वाचले गेले आणि समीक्षेत जवळजवळ नाहीत. कवितेचं काम करणाऱ्या कुणाही नव्या मुलीनं उद्या बेटांची, भुतांची, बोलणाऱ्या झाडांची कादंबरी लिहायला घेतली, तर तिला ‘कवितेकडे वळ परत’ असं सांगणारे शंभर भेटतील. तिनं ऐकू नये. आणि तुम्ही ल ग्विन वाचली नसेल, तर पहिल्या खंडापासून सुरू करायचा आग्रह धरू नका. ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’ आधी वाचा. छोटंसं पुस्तक आहे, दोन दुपारी पुरतात. त्याआधी आईला तिचं माहेरचं नाव विचारून घ्या.